दुसरी स्लाइड

“सॅम्पल हिने बदललंय.”

हे माझ्याकडे बघून म्हटलं गेलं नाही. बोलणारे गृहस्थ डोंबिवली पूर्वेचे, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त. ते डॉक्टरांना सांगत होते. मी दोन हात अंतरावर उभी होते, त्यांच्या मुलाचा रिपोर्ट घेऊन.

वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या त्या केंद्रात मी सहा वर्षं लॅबमध्ये होते. वीर्याचे नमुने तपासणं हे माझं काम. मुलाच्या शुक्राणूंची संख्या चांगली होती, हालचालही चांगली. त्यामुळे आयव्हीएफ दोनदा फसलं, तेव्हा दोष सुनेच्या माथी गेला. तिसऱ्या खेपेआधी डॉक्टरांनी शुक्राणूंमधल्या डीएनएची तपासणी सांगितली. डीएनए धड असेल तर स्लाइडवर शुक्राणूच्या डोक्याभोवती प्रभावळ पसरते. तुटलेला असेल तर नाही. मी पाचशे मोजले. निम्म्याहून जास्त बिनप्रभावळीचे.

गृहस्थांनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं.

“राहता कुठे?”

“आंबिवलीला.”

“हं.” मग डॉक्टरांकडे वळून, “राग मानू नका डॉक्टर, पण इतकं नाजूक काम कोट्यातल्या मुलींना देता? आमच्या घराण्यात असलं काही नाही. माझे आजोबा धरून अकरा भावंडं.”

अकरा भावंडं. लॅबमध्ये हा पुरावा धरत नाहीत.

मुलगा एकोणचाळीस वर्षांचा. रोज दोन पाकिटं सिगारेट. नमुन्याच्या डबीवर स्वतःचं नाव त्याने स्वतः लिहिलं होतं, माझ्यासमोर, सही करून. तेवढं एक वाक्य बोलला असता तर पुरे होतं. तो फोनमध्ये बघत राहिला. सून भिंतीशी बसली होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

“परत करू काका,” डॉक्टर म्हणाले. “दुसऱ्याकडून.”

दुसरा म्हणजे माझा वरिष्ठ सहकारी. त्याचं आडनाव काकांना पसंत पडलं. ही तपासणी त्याला येत नव्हती. पुढच्या आठवड्यात नवा नमुना आला. स्लाइड मी केली. रंग मी दिला. मोजलं मी. तो स्टुलावर बसून क्रिकेटचा स्कोअर बघत होता. निकाल तोच.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“सही त्याची जाऊ दे. आणि शेरा ‘बॉर्डरलाइन’ टाक. सोमवारपासून तिची इंजेक्शनं सुरू करायचीत, नाहीतर काका दुसरीकडे जातील. तू हुशार आहेस. मनाला लावून घेऊ नकोस.”

तू हुशार आहेस. हे मी शाळेपासून ऐकलं आहे. त्यानंतर नेहमी मागे उभं राहायला सांगतात. सहा वर्षं मी राहिले. माझे किती रिपोर्ट त्याच्या सहीने गेले, मी मोजले नाहीत. पण या वेळी मागे उभं राहणं म्हणजे त्या बाईच्या पोटात तिसऱ्यांदा सुया. तुटलेल्या डीएनएचा गर्भ बनतो, चार दिवस वाढतो, बऱ्याचदा तिथेच थांबतो. मग पुन्हा तीच वांझ ठरते.

“दोन्ही करणार नाही,” मी म्हणाले.

“नोकरीचं काय?”

“ते तुम्ही ठरवा.”

बाहेर ते तिघं निकालासाठी थांबले होते. रिपोर्ट मी सुनेच्या हातात दिला. संमतीपत्रावर नवराबायको दोघांच्या सह्या असतात, निकालही दोघांचा. मी तिला आकडे वाचून दाखवले. म्हटलं, “दोष यांच्या शुक्राणूंत आहे. दोन्ही वेळा मीच तपासलंय. यांना यूरॉलॉजिस्टकडे न्या. सोमवारी सुई घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.”

“अगं, तो कागद इकडे दे,” सासरे म्हणाले.

तिने घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.

“बाबा, सोमवारी यांना घेऊन या. मी येणार नाही.”

नवऱ्याने तेव्हा पहिल्यांदा फोनवरून मान वर केली.

माझी नोकरी त्याच संध्याकाळी गेली. आता कल्याणला दुसऱ्या लॅबमध्ये आहे. रुजू होतानाच अट सांगितली: मी मोजलेल्यावर सही माझीच. पुरुषाचा दोष असेल तर तो त्याच शब्दांत लिहीन, आणि नवराबायकोला शेजारी बसवून डॉक्टरांनी तो वाचून दाखवायचा.

“आणि घरातली मोठी माणसं?” तिथल्या मॅडमनी विचारलं.

“बाहेर बसतील. त्यांचं सॅम्पल कुणी मागितलेलं नाही.”