दत्तरावांच्या नावाआधी

आधी माफी मागतो. इथे मोठमोठे लोक लिहितात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, लिहायची सवय नाही. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरी जे झालं ते तसंच सांगतो...

ताडकळसला बसस्टँडजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात मी सुट्टीत काम करतो. तिथे जुन्या लग्नपत्रिकेच्या फाइलवरच नवी पेस्ट करायची पद्धत होती. एका पत्रिकेत दुसऱ्याच नवरीचे मामा छापून गेले — तेव्हा मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. मजकूर कॉपी करायचा, दोन बटणं दाबायची. क्लिपबोर्डवर असेल ते नव्या फाइलमध्ये सेव्ह होतं, फाइलला त्या वेळेचं नाव. पाच ओळींची स्क्रिप्ट. मजकुरात काय आहे हे ती बघतसुद्धा नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी एक काका पुतणीची पत्रिका छापायला आले, सोबत मुलीची आई. मुलीचे वडील दत्तराव सात वर्षांपूर्वी घरातून गेले ते गेलेच, पत्ता नाही. काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या मजकुरात होतं — ‘कै. दत्तराव’.

“श्री. लिव्हा,” आई म्हणाल्या. “म्या कुकू पुसलं न्हाई अजून.”

“वयनी, श्री. लिव्हलं की मांडवात लोकं बाप कुठाय म्हणून इचारतेत. कोणाला दाखवू?”

“इचारू द्या.”

“पोरा, तू कै. ठेव,” काका मला म्हणाले.

मी कॉपी केलं, बटणं दाबली. फाइल उघडली तर ‘श्री. दत्तराव’. बाकी सगळं जसंच्या तसं. माझीच चूक समजून परत केलं. परत श्री. क्लिपबोर्ड दुसरीकडे पेस्ट करून पाहिला — तिथे कै.!

“तुझ्यापेक्षा तुझा कॉम्प्युटर हट्टी दिसायलाय,” मालक हसले.

हाताने एक शब्द बदलायला कितीसा वेळ लागतो? पण हात जाईना. त्या बाई बाकावर पदर बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. तो शब्द छापला की त्यांचं कुंकू गेलंच.

“काका, तुमीच दाबून बघा,” मी म्हणालो.

त्यांनी दाबलं. नवी फाइल. श्री.

काका खाली बसले, पाणी मागितलं. “छाप तसंच,” एवढंच म्हणाले.

स्क्रिप्ट मी कॉलेजात सरांना दाखवली. ते म्हणाले, असं होऊच शकत नाही. मलाही तेच वाटतं. त्यानंतर कितीतरी पत्रिका तिच्यातून गेल्या, एक अक्षर बदललं नाही. कारण अजून सापडलेलं नाही.

लग्न होऊन महिना झाला असेल, काकांचा फोन आला. तेलंगणातल्या एका गावाहून पोलिसांनी कळवलं होतं. खिशातल्या आधार कार्डावरून पत्ता लागला. दत्तराव वारले होते.

“कधी?” मी विचारलं.

“लग्नानंतर चवथ्या दिवशी गेला आमचा दादा,” काका म्हणाले. “तवर होता.”