दहाव्या थराची घाई

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगतोय. फक्त हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना एकाला असला ठसका लागला की पाठ चोळावी लागली!

फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर होऊन कुंडलला आलो आणि ऊस बघता बघता मला लाकडी पेनं करायचा नाद लागला. छोटं लेथ मशीन घेतलं. त्यावर बाभळीचा तुकडा गरगर फिरवायचा, तासून गोल करायचा. खरी गंमत त्याच्या पुढं. लाकडाला काचेसारखी चकाकी कशानं आणायची, माहितीय? दोन सेकंदांत चिकटतो ना, त्या गोंदानं! होय, तुटलेल्या चपलेला लावता तोच. फिरत्या लाकडावर कागदाच्या घडीनं पातळ थर द्यायचा, वाळला की दुसरा. असे दहा थर दिले आणि घासून पॉलिश केलं, की घाम लागो नाहीतर पाणी, पेन वर्षानुवर्षं झळकतं.

फक्त हातमोजे घालायचे.

मी घातले नव्हते.

त्या रविवारी आमच्या प्राजक्ताला बघायला वाईची मंडळी येणार होती. एकुलती एक लेक. तिला फोटोतला मुलगा पसंत पडलेला, म्हणजे बिघडवायला आता मीच उरलो होतो! मुलाचे वडील आप्पा, रिटायर मास्तर. फोनवर त्यांना मी ऐटीत सांगून बसलेलो, "आप्पा, तुमच्यासाठी माझ्या बांधावरच्या बाभळीचं पेन करतोय. ह्या हातानं आजवर चूक केली न्हाई!"

सकाळी नऊ थर झाले. दहावाही झाला. पेन लेथवरून काढून उजेडात धरलं, तर कडेला इवलासा ठिपका सुटलेला. म्हटलं, बोटानंच टेकवू थेंब. तेवढ्यात बायको सुनंदा दारातनं ओरडली, "आवं, पाहुणं आलं!"

मी दचकलो. गोंद सांडला, तीन बोटं पेनावर घट्ट मिटली. अंगठा, शेजारचं आणि मधलं. लिहायला पेन धरतात ना, अगदी तस्संच. ओढलं, वाकवलं, दात लावून बघितलं. काही नाही!

तसाच बाहेर आलो. नमस्कार केला, दोन्ही हातांच्या मध्ये पेन. आप्पा बघतच राहिले. पाहुण्यांसमोर चहा डाव्या हातानं प्यायलो. सुनंदा डोळ्यांनी मला भाजत होती.

"हवालदारसाहेब," आप्पा म्हणाले, "आमी तर नुसतं बघायला आलोय. तुमी यादी करायच्या तयारीनंच बसलाय व्हय?"

आता सांगा, यादी म्हणजे लग्न पक्कं करायचा कागद. मुलीच्या बापानं पेन उपसून पाहुण्यांसमोर बसायचं म्हणजे काय? पण खरं सांगितलं तर फुशारकीचं काय? मी म्हणालो, "शुभ कामाला उशीर कशाला?"

आप्पा खूश! "असा मानूस पायजे! पोरांची ना न्हाई. आना कागद. लिवा!"

लिवा? अहो, ते पेन नव्हतंच अजून! नुसतं लाकूड, आत पितळी नळी. ना रिफील, ना टोक. मी कागदावर हात फिरवत राहिलो. श्रीगणेशा झाला, नावं झाली, दोन ओळी झाल्या. कागद कोराच.

"उमटंना वाटतं," आप्पा म्हणाले. "द्या हिकडं, झटकतो."

त्यांनी पेन ओढलं. पेनाबरोबर मी गेलो.

"सोडा की!"

"न्हाई सुटत!"

"म्हंजी?" आप्पांचा चेहरा उतरला. "लिवायचा मान पोरीच्या बापालाच पायजे? आमी मास्तर मानूस. आमच्या अक्षरावर भरवसा न्हाई?" ते उठलेच. पायात चप्पल घालायला लागले.

माझी जीभही टाळ्याला चिकटली. शेवटी सुनंदाच ओरडली, "आवं, बसा आप्पा! ह्यांचा हात चिकटलाय त्या काटकीला!"

काटकी! दहा थरांची मेहनत, आणि काटकी!

मग प्राजक्ता तरातरा आतनं नेलपॉलिश काढायचं पाणी आणि कापूस घेऊन आली. डोक्यावरचा पदर गेला कुठल्या कुठं. "दादा, हात द्या. ओढू नगा, कातडं निघंल." माझ्यासमोर मांडी ठोकून तिनं एकेक बोट भिजवायला घेतलं. मुलगा न सांगता उठला आणि वाटी धरून बसला. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होती, मध्येच हसत होती. मलाच हसत होती. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. काय सांगू!

अर्ध्या तासानं हात सुटला. पेनाची चकाकी गेली आणि तिथं माझ्या तीन बोटांचे ठसे उमटले. आप्पांनी पेन चष्म्याजवळ नेलं. "झालं की! अंगठा उठलाय. आता सही कशाला?"

यादी त्याच दिवशी झाली. लिहिली आप्पांनी, त्यांच्या खिशातल्या पेनानं.

पुढं लग्नात व्याहीभेट आली. दोन्ही व्याह्यांनी हार घालून गळाभेट घ्यायची, फोटो काढायचा. मी हात पसरून पुढं झालो, तर आप्पा चार पावलं मागं!

"थांबा," भर मांडवात ते म्हणाले, "आधी हात दावा."

अल्बममध्ये बघा. साऱ्या जगाच्या व्याहीभेटीत दोन माणसं मिठी मारताना दिसतात. आमच्या फोटोत मी दोन्ही तळवे पुढं करून उभा आहे, आणि मास्तर माझी बोटं तपासतायत.