पुसलं तरी परत येणारं लेकरू

ये गं, अशी जवळ बस. आणि तो मोबाईल पालथा ठेव आधी! मघापासून बघतेय, कान माझ्याकडं आणि बोटं तिकडं. ऐक, मोबाईलची एक गोष्ट सांगते.

सोलापुरात लेकाकडं राहायला यायच्या आधी मी मोडनिंबच्या पलीकडच्या वस्त्यांवर फिरायचे. बाळंतिणींची, लेकरांची नोंद ठेवायची, लशीची आठवण करायची. नोंद फोनात. वस्तीवर रेंज कसली? पण लिहिलेलं वाया जात नसे. फोन ते पोटात ठेवायचा आणि मी हायवेला आले की आपणहून वर, तालुक्याच्या ऑफिसात धाडायचा.

एका मेंढपाळाच्या सुनेला पहिला मुलगा झाला. नोंद केली. बारशाआधीच तापानं गेला बिचारा. एवढ्याशा जिवाचं दहावं-तेरावं करत नाहीत. ओढ्याकाठी पुरलं, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवला, आणि त्या घरात पुन्हा कुणी विषय काढला नाही. दरम्यान माझा फोन पडून फुटला, नवा मिळाला. नव्यात वरून सगळ्या नोंदी उतरल्या, त्यातली ती मी, मला शिकवलं होतं तशी, पुसून टाकली.

वर्ष उलटून गेलं. सून पुन्हा गरोदर. मी गेले तर ती छपराच्या झोपडीतून बाहेरच येईना. सासू आडवी आली.

"बाई, त्यो फोन हितं आणू नगा. मेलेल्याला हाका मारतोय."

तिनं सुनेचा मोबाईल पुढं केला. बाजाराला गेल्यावर रेंजमध्ये आलेला मेसेज होता, आपल्या बाळाची लस बाकी आहे, बाळाला घेऊन या.

माझा फोन उघडला तर लेकरू आत! नाव नव्हतंच, आईच्या नावापुढं नुसतं 'बाळ'. आणि वय वाढलेलं. महिन्यामागून महिना फोनानं त्याला मोठं केलं होतं.

पुसलं. हायवेला जाऊन धाडलं. थोड्या दिवसांनी ते पुन्हा हजर, पुन्हा मेसेज.

"त्येला मागारी यायचंय," सासू म्हणाली. "ह्ये पोटातलं टिकू द्यायचा न्हाय त्यो."

सून आतूनच बोलली, "माजं नाव त्यात घालू नगा, मावशी. घातलं की त्येला दिसंल."

पोरीच्या अंगात रक्त नव्हतं, पाय सुजलेले. नाव नाही म्हणजे तपासणी नाही.

तालुक्याला कॉम्प्युटरवर बसणारा एक भला माणूस होता. त्यानं शोधून काढलं. माझा फुटका फोन दुरुस्त करून, आतल्या नोंदींसकट, दुसऱ्या वस्तीवर माझंच काम करणाऱ्या बाईला दिला होता. "त्या फोनाच्या लेखी बाळ जिवंतच आहे, मावशी. तुम्ही पुसलं की वर जागा रिकामी दिसते. मग तो रेंजमध्ये आला की आपल्याकडचं बाळ पुन्हा वर धाडतो."

"मग कायमचं कसं पुसू?"

"पुसूच नका. गेला, अशी खूण करा. ती खूण दोन्ही फोनांत पोचली की कुठलाच फोन त्याला उठवणार नाही."

मी सुनेला जाऊन सांगितलं. ती झोपडीच्या दारात आली.

"म्हंजे त्यो आत ऱ्हाईल?"

"राहील."

"पर हाक न्हाय कुणाची?"

"नाही."

"दगड ठिवल्यागत," ती म्हणाली. "करा. पर माझ्यासमोर."

हायवेच्या कडेला उभ्या राहिलो आम्ही. ती, मी, आणि जुना फोन घेऊन आलेली ती दुसरी बाई. मी खूण केली. रेंज येत-जात होती. आधी माझ्या फोनातून गेली, मग जुन्यात उतरली. सुनेनं तो जुना फोन हातात घेतला, काचेवर अंगठा फिरवला.

"ह्येच्यात केवढा झाला हुता त्यो?"

"दीड वर्षाचा."

"चालत आसंल की," ती म्हणाली.

आम्हा दोघींना तोंड वर करवेना. मग तिनंच पदर सावरला आणि म्हणाली, "घाला माजं नाव."

मुलगी झाली तिला. धडधाकट. मेसेज परत आला नाही. पण खरं सांगू? अजूनही फोन थरथरला की माझा हात थांबतो. वाटतं, आत कुणीतरी पावलं टाकतंय.

निघालीस? बरं. पण तुझी खबर मला फोनावर नको गं. तूच ये, लवकर ये, अशी समोर बस.