परातीतलं पीठ

पिक्चर सुटला तेव्हा माझ्या मागचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "ह्या डायरेक्टरला उसाच्या फडात कोंडला पाहिजे." सगळं थेटर हसलं. मी वळून असं काही बघितलं की त्याच्या बायकोनंच त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

तसा तो खोटं बोलत नव्हता. पिक्चर संपता संपत नाही. एकच बाई तीन युगांत दिसते: आधी राणीची दासी, मग कोरडवाहू रानातली शेतकऱ्याची बायको, शेवटी कुठल्याशा लाल ग्रहावर एकटी. लढाईतले कॉम्प्युटरचे घोडे जमिनीला पाय न लावताच पळतात. तिचा नवरा झालाय डायरेक्टर स्वतः. त्याला रडता येत नाही आणि तो सारखा रडतो. सगळं कबूल! पण मध्ये एक जागा आहे. बाई परातीत पीठ मळत असते, मळता मळता उठते आणि दारातून निघून जाते. कॅमेरा तिच्यामागं जातच नाही, पिठावरच थांबतो. पीठ वाळतं, भेगाळतं, त्यावर माशी बसते. लोक ओरडायला लागले, "अगं ये की बये आता!" नको येऊस, नको येऊस, असं मी मात्र मनात म्हणत होते.

बास, त्या दिवसापासून मला चैन नाही. आमचं बारामतीत बांगड्यांचं दुकान आहे; गल्ल्यावर अब्बा आणि बांगड्या भरायला मी. एक बाई हात पुढं करून म्हणाली, "डोकं उठलं बाई त्या पिक्चरनं," आणि मी तिच्या हातातच बांगडी फोडली. ती गेल्यावर अब्बा म्हणाले, "पिक्चर तुझ्या बापानं काढलाय का गं?"

पण मला खरं सांगायचं होतं ते आपाला. ही माझी थोरली बहीण, इंदापूर तालुक्यात कळसला दिलेली. लहानपणापासून आमचं ठरलेलं: पिक्चर मी बघायचा आणि स्टोरी तिला सांगायची. आता ती गोठ्यात धार काढते आणि मी पालथ्या बादलीवर बसून सांगते, गाण्यांसकट. लग्न नाहीतर मयत असल्याशिवाय आपा घर सोडत नाही, आणि तेव्हाही कुणाच्या तरी सोबतीनं. एकटी कधीच नाही. गाया दुसऱ्या कुणाला धार देत नाहीत म्हणते.

हा पिक्चर मात्र सांगताच येईना.

"मग?" आपानं विचारलं.

"मग काय न्हाय. पीठ वाळतं."

"आन् मग?"

"अजून वाळतं."

तिनं धार थांबवली. "तुला बरं न्हाय का?"

मी इरेला पेटले. दाजींच्या मागं लागून लागून परवानगी काढली. संध्याकाळच्या धारेला परत आणायचं, या बोलीवर. कळसला जाऊन मी तिला घेऊन आले. दुपारचा शो होता, थेटर जवळजवळ रिकामं. आपा काही खुर्चीत टिकेना. घटकेघटकेला माझं मनगट ओढून घड्याळ बघायची. घोडे आले तशी पदर तोंडाला लावून हसली. मग परातीची ती जागा आली. ह्या वेळी कुणी ओरडलं नाही. माझं मनगट तिच्या हातातच होतं, पण घड्याळाकडं ती बघत नव्हती.

पीठ पुरतं वाळलं आणि आपा उठली. "चल. धारा हायत."

"अगं, संपायचाय अजून!"

"गाया काय थांबत्यात व्हय पिक्चरसाठी?"

स्टँडवर आलो. माझा राग मस्तकात गेलेला. गाडीची वाट बघता बघता ती एकदम म्हणाली, "पीठ झाकून तरी जायचं की बाईनं." थोड्या वेळानं, दुसरीकडं बघत, "परत येती का गं ती?"

आजवर कधी तिला शेवट सांगायचा राहिला नव्हता. तोंडापर्यंत आलं होतं. पण म्हणाले, "न्हाय सांगणार. गुरुवारपर्यंत हाय पिक्चर. येऊन बघ."

"कुणासंगं?"

"एकटी ये."

"फिरलंय तुझं डोकं," म्हणाली आणि गाडीत चढली. तिला पोचवायला मीही चढले, पण कळस येईपर्यंत तिनं खिडकीबाहेरून तोंड वळवलं नाही.

त्यानंतर तिनं फोन उचलला नाही. गुरुवारी सकाळपासून मी बांगड्यांचे डबे वर ठेवत होते, परत खाली काढत होते. "पायाला भिंगरी लागलीय का?" अब्बा खेकसले. शोची वेळ झाली, टळली. आपा आली नाही. मला स्वतःचीच चीड आली. सांगितला असता शेवट तर काय बिघडलं असतं? एका भिकार पिक्चरपायी मी माझी बहीण तोडली. आता ती कधी "मग?" म्हणून विचारणार नाही, ह्या विचारानं मला रडूच आलं, गिऱ्हाईकासमोर.

उन्हं उतरली तेव्हा आपा दुकानाच्या पायरीवर उभी. एकटी. चपला धुळीनं भरलेल्या.

"पाणी दे." ती घटाघटा प्याली. "शेवट अगदीच भिकार हाय."

"बघितलास?"

"तर! थेट तितंच गेले. तू संगं असतीस तर बडबडली असतीस."

"आन् धारा?"

"तुझं दाजी काढतील. लाल गाय लाथ मारती त्यांना." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मारू दे."

मी हसायला लागले, पण ती हसेना. पायरीवरच बसली.

"गाडीत बसल्यावर आठवलं," ती म्हणाली. "मळलेलं पीठ परातीत उघडंच राह्यलं."

"अगं मग उतरायचं की!"

"उतरले. फुडच्या फाट्याला उतरले, रस्ता वलांडला, उभी राह्यले. कळसची गाडी आली." आपा रिकाम्या तांब्यात बघत होती. "मी हातच केला न्हाय."