आट्यांतलं कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीची एअर रायफलची निवड चाचणी होती, आणि आदल्या संध्याकाळी रायफलीचं टोपण निघेना.

तिच्या रायफलीच्या नळीला तोंडाशी बारीक आटे आहेत. नेम धरायची माशी त्यांच्यावर फिरवून बसवतात. माशी काढली की आट्यांना धक्का लागू नये म्हणून टोपण. आमचं घर वरोरला, अगदी समुद्राच्या वाऱ्यावर. इथे खिडकीचे गजही गंजून पापुद्रे धरतात, म्हणून लेक त्या टोपणाला जिवापाड जपते. एकदा मी नुसती धूळ पुसायला गेले तर माझ्यावरच खेकसली होती.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "काल खंडेनवमीला मीच उघडलं होतं. कोयत्याला, चिकू काढायच्या बेडणीला कुंकू लावलं, मग या बंदुकीनंच काय घोडं मारलंय? तोंडाला गोल फिरवून ओलं कुंकू लावलं नि टोपण परत घट्ट बसवलं."

"आई, कुंकू लावलंत की सिमेंट?" मी ओरडलेच. "वर्षभर राबलीय ती! यापुढे तिच्या कशालाही हात लावू नका."

तेवढ्यात हे पक्कड घेऊन आले. म्हटलं, हातोडाही आणा, म्हणजे एकदाचं आटोपेल! आटे मोडले तर माशी वाकडी बसणार, आणि मग कसली चाचणी? मी नुसती आतबाहेर करत होते. चहा ठेवला, तो उतू गेला. लेक मात्र ओटीवर बसून टोपणाच्या कडेने शिलाई मशीनचं तेल सोडत होती. सोडायची, थांबायची, पुन्हा सोडायची. मला ते थांबणंच सहन होईना.

"अगं, फिरव तरी!"

"आई, तू आत जा बरं."

शेवटी फडक्यात धरून तिने फिरवलं, आणि ते कुरकुरत निघालं. आट्यांत लाल चिखल झाला होता. जुन्या टूथब्रशने तिने सगळं कोरून काढलं, कोरडं पुसलं, माशी लावून पाहिली. सरळ बसली. मला रडूच फुटलं.

सकाळी निघताना ती आजीच्या पाया पडली. सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि नुसतंच म्हणाल्या, "यश घेऊन ये." मी चपला घालत होते, तिथेच थांबले. लेक तशीच वाकलेली.

"आजी, डोक्यावर हात ठेव," ती म्हणाली. "मला काय गंज चढतोय?"