खडेबाईंची जांभळी रेघ

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, खनिजांच्या प्रयोगशाळेत काम करतात. रस्त्याने चालतानाही नजर खाली, म्हणून गल्लीत त्या खडेबाई. हे म्हणतात, ताईला दाखवलेली स्थळं सगळी उंच होती, तिला दिसलीच नाहीत. वन्सं हसतात आणि चहात बिस्किट बुडवतात.

गेल्या वर्षी जेड कापणाऱ्या एका कारागिराने त्यांना घासून चकचकीत केलेली चकती दिली. हिरव्या दगडात केसाएवढी जांभळी रेघ, म्हणून दागिन्यातून बाद झालेली. रेघेतले कण माहीत असलेल्या कुठल्याच खनिजाशी जुळेनात. तपासणीत स्ट्रॉन्शियम निघालं, थोडं क्रोमियमही. वन्संच्या उभ्या नोकरीतलं हे पहिलंच नवं खनिज. दोन्ही धरून सूत्र लिहून झालं. मान्यता देणाऱ्या मंडळाकडे पाठवायचं तेवढं राहिलं.

आभार मानायला त्या कारागिराकडे निघाल्या, सोबतीला मीही गेले. तो फिरत्या चामडी चाकाला हिरवी पूड लावून दगडाला झिलई देत होता. बोटं, नखं, बाह्या, सगळं हिरवं. वन्सं ती बोटं बघत राहिल्या आणि हळूच स्टुलावर बसल्या. ती पूड क्रोमियमची असते, हे त्यांना पाठ होतं. आनंदाच्या भरात विसरल्या. रेघेच्या भेगांत अडकलेली झिलईची पूडच त्यांनी मोजली असणार.

प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, एवढ्याशाने काय होतंय, पाठवून टाका. वन्सं ऐकेनात. खात्री करायची तर चकती मधोमध कापून आतली कोरी बाजू तपासायला हवी. पण रेघ आत किती जाते, कुणास ठाऊक. आतून रिकामी निघाली तर खनिजही गेलं आणि पुरावाही.

प्रयोगशाळेचं पातं जाड, अर्धी रेघ त्यानेच खाल्ली असती. म्हणून कारागिराच्या पातळ पात्यावर चकती धरली. पाणी ठिबकत होतं. वन्संचा हात माझ्या मनगटावर होता, आणि चांगलाच घट्ट होता.

रेघ आत होती. तुटक, पण होती. या खेपेला झिलई हिऱ्याच्या पुडीने केली. क्रोमियम पार गेलं, स्ट्रॉन्शियम जागचं हललं नाही, आणि क्ष-किरणांत दिसलेली अणूंची मांडणीही कशाशी जुळली नाही. सूत्र एका मूलद्रव्याने आखूड झालं, तसंच मान्य झालं.

अर्धी चकती संग्रहालयात गेली. पेढे द्यायचे म्हणून आम्ही पुन्हा कारागिराकडे. त्याने विचारलं, "मग आता दगडाला तुमचंच नाव?"

"शोधणाऱ्याने स्वतःचं द्यायचं नसतं."

"मग माझं द्या की."

"तुमचा वाटा सूत्रात होता हो," वन्सं म्हणाल्या, "तोच काढता काढता माझा जीव गेला."