आधी शेवटच्या रानाला पाणी

बंधाऱ्याची जागा माझ्या वडलांनी शोधली, आणि ती आमच्या शिवारात नव्हती. पुढचं सगळं त्यातून झालं.

आमचं गाव नेवाशाकडचं. प्रवरा जवळ असून तिचा उपयोग नव्हता. ती खोल दरडींमधून जायची आणि आमची रानं वर कोरडी राहायची. आधार होता तो एका ओढ्याचा. पावसाळा सरला की तोही संक्रांतीपर्यंतच वाहायचा आणि नदीला मिळून जायचा. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. धान्याची ओढाताण होती. आई ज्वारीत हुलगे घालून दळायची आणि ती भाकरी तव्यावरच तडकायची. सरकारी माणसं गावोगाव सांगत फिरत होती की धान्य वाढवा, बंधारे घाला, चुना आणि ओव्हरसियर आम्ही देतो.

आम्ही वडलांना दादा म्हणायचो. दादा एके दिवशी ओढ्याच्या काठाकाठानं चालत वरच्या गावाच्या हद्दीत गेले. तिथं दोन खडकांमध्ये ओढा अरुंद होत होता. तिथं भिंत घातली आणि डाव्या अंगानं पाट काढला, तर वरच्या गावाची रानं भिजून पाणी आमच्यापर्यंत येणार होतं. त्या गावात एक कर्ता शेतकरी होता. त्याच्या शब्दाबाहेर गाव जात नसे. दादा त्याच्याकडे गेले आणि तो हातातलं काम टाकून जागा बघायला निघाला. मोठा मनमोकळा माणूस. आमच्या घरी आला की आईच्या हातच्या पिठल्याची तारीफ करायचा, मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, ‘लेकीबाळी’ म्हणायचा. मला तो आवडायचा.

ओव्हरसियर आला, तिकाटण्यावरची दुर्बीण लावून त्यानं उतार बघितला. दादांना पाट गावाच्या कडेकडेनं न्यायचा होता. ओव्हरसियर म्हणाला, “तिथं चढ आहे, पाणी चढणार नाही. पाट तुमच्या या काळ्या रानातूनच न्यावा लागेल.” ते आमचं सगळ्यात चांगलं रान होतं. दादा थोडा वेळ ढेकूळ चुरत उभे राहिले. मग म्हणाले, “जाऊ द्या माझ्या रानातून.”

दोन्ही गावांची बैठक खंडोबाच्या देवळात भरली. ठरलं ते असं: या पाण्यावर दोन्ही गावांनी धान्यच घ्यायचं, ऊस लावायचा नाही, आणि पाणी आधी शेवटच्या रानाला द्यायचं, मग एकेक रान करत वर यायचं. दुसरी अट दादांची होती. ते म्हणाले, “शेवटच्याला मिळालं म्हंजी सगळ्यांना मिळालं.” वरच्या गावच्या त्या कर्त्या माणसानं शपथ म्हणून पहिल्यांदा बेल-भंडारा उचलला. मग दादांनी. मग एकेकानं.

उन्हाळाभर काम चाललं. चुन्याची घाणी फिरत होती, बायका पाट्यांनी दगड वाहत होत्या. आक्का आणि मी त्यांच्यातच. आक्का अंगानं उंच, कामाला वाघीण. दोन पाट्यांचे दगड एका पाटीत घालायची आणि वर माझी चेष्टा करायची. तिथंच त्या माणसानं तिला आपल्या मुलासाठी हेरली.

तेव्हा आक्कासाठी राहात्याचं एक स्थळ चालून आलं होतं. कालव्याकाठचं बागायती घर. तो मुलगा आक्कानं एका जत्रेत लांबून पाहिला होता आणि मला एकटीला सांगितलं होतं की बरा वाटला. पण हा माणूस आमच्या ओसरीवर येऊन म्हणाला, “पाव्हणं, पाट जोडतोय आपन, तर घरंबी जोडू या. म्हंजी पुढं कधी भांडान न्हाई.” दादांचे डोळे भरून आले. त्यांनी राहात्याला नकार कळवला. आक्काला कुणी विचारलं नाही. विचारावं असं मलाही सुचलं नाही. ती वर नांदायला गेली.

पहिल्या हिवाळ्यात ठरल्यासारखं झालं. पाटातून आधी पालापाचोळा आणि फेस आला, मग पाणी, आणि ते सरळ आमच्या शेवटच्या रानात शिरलं. भेगांमध्ये गुडगुड आवाज येत होता. म्हातारी माणसं पाटात पाय सोडून बसली. त्या वर्षी शाळू माणसाच्या डोक्यावर गेला. कणग्या भरल्या. सरकारला सक्तीनं द्यायची धान्याची लेव्ही घालूनही घरात उरलं. हुरड्याला व्याही आले, आगटीशेजारी बसून पोटभर खाल्लं आणि दादांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “तुमची अक्कल, पाव्हणं. आमी निस्ते दगड लावले.”

दुसऱ्या वर्षी नागपंचमीला दादा आक्काला आणायला गेले, तर बंधाऱ्याला लागून कमरेएवढा ऊस उभा. दादांनी विचारलं. व्याही हसले. “अवो, घरच्या गुळापुरता हाय.” दादांनी ते खरं मानलं. आक्का मात्र त्या खेपेला माहेरी फारसं बोलली नाही. दिवस गेल्यामुळं तशी असेल असं आई म्हणाली.

मार्गशीर्ष लागला. शाळू पोटरीत आला, आता एक पाणी मिळालं तर दाणा भरणार. पाट कोरडा. दादा दोनदा निरोप पाठवून वाट बघत बसले. तिसऱ्या निरोपाला थांबले नाहीत, स्वतः निघाले. आक्कासाठी आईनं बांधून दिलेले लाडू घेऊन मीही बरोबर गेले.

वरच्या गावाची हद्द लागली. घरच्या गुळापुरता म्हणून सांगितलेला ऊस पाटाच्या दोन्ही बाजूंनी लांबवर उभा होता, आणि एकट्या व्याह्यांचा नव्हता. गुऱ्हाळासाठी चुलवण खणून ठेवलेलं होतं. बंधाऱ्याशी पोहोचलो. आमच्या पाटाच्या तोंडाला लाकडी फळ्या घालून माती लिंपली होती. आणि त्या फळ्यांसमोर, पोटावर पदर घेऊन, आक्का बसली होती.

दादा थांबले. तिच्याकडे बघत म्हणाले, “जेवलीस का?”

“व्हय.”

“उनात का बसलीस अशी? ऊठ, मला फळ्या काढू दे.”

आक्का उठली नाही. खाली बघून म्हणाली, “दादा, फळ्या काढू नगा.”

“आपला शाळू वाळतोय, बाळ.”

“मला ठावं हाय. तरी काढू नगा. काढायच्या तर मला हितनं उचलून बाजूला करा.”

सातवा महिना होता तिला. दादा काही हात लावणार नव्हते आणि ते वरच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. मी पुढे झाले, फळीला हात घातला. दादांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नंतर वळ उठले.

तेवढ्यात व्याही उसातून बाहेर आले. “या, पाव्हणं. च्या घ्या,” म्हणाले.

दादा म्हणाले, “भंडारा उचलला हुता आपन.”

“उचलला हुता. तवा गुळाला भाव कुठं हुता?” व्याह्यांनी आवाजही चढवला नाही. “जोंधळा पिकवला की लेव्हीवाला दारात. उसाचं तसं न्हाई. सारं गाव लावतंय, मी एकला कुनाला आडवू? आमचं भिजून उरलं की सोडतो की तुमाला.”

“सरकारनं चुना धान्यासाठी दिलाय.”

“मग सरकारला सांगा.”

दादा वळले. लाडूंचं गाठोडं माझ्या हातातच होतं. मी ते आक्काच्या पायाशी ठेवलं. तिनं वर बघितलं नाही.

दादा खरंच सरकारकडे गेले. आमचा ओव्हरसियर बदलून गेला होता. नव्या साहेबानं ऐकून घेतलं आणि बंधारा कुणाच्या हद्दीत आहे एवढंच विचारलं. गावात पोरं पहारी घेऊन निघाली होती, बंधारा फोडायला. दादा त्यांच्या आडवे झाले. “माझी पोटुशी लेक बसलीया तिथं,” म्हणाले. पोरं थांबली, पण मारुतीच्या पारावर दुसऱ्या दिवशी बोलणं सुरू झालं की लेक बागायतीत देऊन यानंच गावाचं पाणी वर विकलं. ज्यांनी दादांबरोबर दगड उचलले होते तेच हे बोलत होते. एकजण आमच्या दारावरून जाताना थुंकला. दादा ओसरीवर बसले होते. ते उठून आत आले आणि झोपले. दुपारी झोपलेलं मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

शाळूत दाणा भरलाच नाही. गावानं तो वैरणीसाठी कापला.

फाल्गुनात आक्का बाळंतपणाला घरी आली. मुलगा झाला. मी तिचं सगळं केलं, पण तिच्याशी बोलत नव्हते. एका सकाळी शेक देताना मला राहवेना. मी म्हटलं, “तुला त्यांनी जबरदस्तीनं बसवलं हुतं ना? तेवढं सांग. मग मी बोलंन तुझ्याशी.”

आक्का म्हणाली, “न्हाई. सासरे काठ्या घेऊन मानसं बसवनार हुते. मीच म्हनाले, मी बसते.”

“दादाला मार बसू नये म्हनून?”

तिनं मुलाचं दुपटं सारखं केलं. “तसं म्हनलं तर तुला बरं वाटंल. पन तसं न्हाई. तो ऊस माझ्या घरचा हाय. ह्याच्या तोंडात त्याचाच घास पडनार.” मग म्हणाली, “दादानं मला पान्यासाठी दिली तिथं. एका शब्दानं विचारलं न्हाई. मग मी पान्याशी बसले तर काय चुकलं?”

हे बोलणं मी दादांना कधीच सांगितलं नाही. व्याह्यांनी फसवलं एवढं त्यांना पुरे होतं. पण माझ्यापुरतं त्या सकाळपासून सगळं उलटंपालटं झालं. आक्कानं आम्हाला दगा दिला हे खरं होतं, आणि तिच्याशी आधी आम्हीच तसं वागलो होतो हेही खरं होतं. दोन्हींतलं एकही खोटं ठरवता येत नव्हतं.

बारशाला शेजारपाजारच्या फार थोड्या बायका आल्या. व्याही आले ते नव्या गुळाच्या ढेपा बैलगाडीत घालून. दादांनी त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं, पानात तूप वाढलं. मुलीचा बाप दुसरं काय करणार. जेवताना व्याही म्हणाले, “पाव्हणं, तुमच्या मनात राग तर न्हाई?”

दादा म्हणाले, “जेवा तुमी.”

जूनमध्ये दादांनी बैल जुंपले आणि काळ्या रानातला तो पाट नांगरून टाकला. माती ओढून सारखी करायला मी आणि आई होतो. गावातलं कुणी मदतीला आलं नाही, आणि कुणी थांबवलंही नाही. त्या जागेवर बाजरी पेरली. पाऊस बरा झाला, बाजरी आली. पण पाटाच्या पट्ट्यात ती पुढं कित्येक वर्षं बुटकीच राहिली. खालची नापीक माती वर आली होती.